पट्टा

गाडी ही चालवायची वस्तू आहे, बसायची नव्हे.
हे माझं मत बायकोला पाठ आहे.
पॉवर स्टिअरिंग म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणं.
ऑटोमॅटिक गिअर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास.
आणि समोरच्याला जो डिप्पर देत नाही
त्याला मुलगी देऊ नये.

माझी फियाट त्र्याहत्तरची, पिस्त्याच्या रंगाची.
जालन्याच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली,
डिकीत तेव्हा वरची कवळी निघाली होती.
गिअर स्टिअरिंगच्या बगलेत.
दुसरा टाकताना तिला विचारावं लागतं,
उन्हाळ्यात दोनदा.
पट्टा नाही. त्या काळी माणसं गाडीत नुसती बसायची;
पट्टा कुत्र्याला असायचा, पोलिसाला असायचा,
नाहीतर पिठाच्या गिरणीला.

परवा रात्री जिंतूरहून परभणीला येत होतो.
झरीच्या अलीकडं नाकाबंदी.
निवडणुकीचे दिवस, म्हणजे डिक्या उघडायचे दिवस.
टेकाळे नावाचे नवे फौजदार,
हातात टॉर्च, तोही थेट डोळ्यात.
‘बेल्ट?’
‘साहेब, कंपनीनंच दिला नाही.’
‘मग कंपनीला बोलवा.’
मागं गिराम हसले. हवालदार, दोन वर्षांवर रिटायरमेंट.
आमच्याकडं त्यांना अजून जमादारच म्हणतात,
निजाम गेला तरी.

पावती फाडेपर्यंत गिराम लघवीला म्हणून
आखाड्याच्या बाजूला सरकले,
आणि तुरीच्या तासातून
काळं काहीतरी सुटलं.
भुंकलंसुद्धा नाही.
न भुंकणारं कुत्रं आणि हॉर्न न देणारा ट्रक,
दोघांचाही काही भरवसा नाही.

गिरामांची काठी वर.
फौजदारांचा हात कमरेला गेला,
बटण उघडलेलं मला ऐकू आलं, खरंच, टक् असं.
मी काय केलं?
थांबलेल्या गाडीचा ब्रेक
जीव खाऊन दाबून बसलो.

तेवढ्यात आखाड्यावरून बाईचा आवाज:
‘ए जमादाऽर! माघारी फिर मेल्या!
लोकाच्या अंगावर जातूस, लाज नाही का?’

गिराम थांबले.
कुत्रंही थांबलं.
दोघं एकमेकांकडं बघत, दोन हात अंतरावर.
मागं वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ.

गयाबाई आल्या, एका पायात नवऱ्याची चप्पल.
‘काही करत नाही ओ तो.’
‘सगळे हेच म्हणतात,’ फौजदार म्हणाले,
आवाज अजून जागेवर आला नव्हता.
‘बांधत का नाही?’
‘बांधला की डुकरं येतात.’
‘सोडला की आम्ही येतो.’
‘अन् जमादार नाव कुणी ठेवलं?’ हे गिरामांनी विचारलं.
बाई गप्प. मग म्हणाल्या,
‘रातभर फिरतो, दिवसा झोपतो, म्हणून.’

कुत्र्याचा घसा अजून घरघरत होता,
आयडलिंग बिघडलेल्या इंजिनासारखा.
‘साहेब, टॉर्च खाली धरा,’ मी म्हणालो,
‘त्याच्या डोळ्यात आहे. डिप्पर द्या.’
माझं मत आयुष्यात पहिल्यांदा
सरकारनं ऐकलं.
उजेड मातीवर पडला, कुत्रं त्या उजेडाशेजारी बसलं.

गिराम माझ्या बॉनेटवर टेकले.
तिथं मी सख्ख्या भावाला टेकू देत नाही.
त्यांच्या हाताचा थरथराट पत्र्यातून
स्टिअरिंगपर्यंत येत होता.
मी काही बोललो नाही.

डिकीत जुना फॅन बेल्ट होता, तो काढला.
गयाबाईंनी त्याचा गळपट्टा केला, वरून दोरी.
माझी पावती मात्र फाडलीच होती,
तिच्यावर गुन्हा: पट्टा नाही.

काल पुन्हा त्याच रस्त्यानं आलो.
नाका उठला होता.
तुरीतून तो निघाला, गळ्यात माझा फॅन बेल्ट,
कुरतडलेली दोरी मागं फरफटत,
आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.
मी उजेड खाली केला.
त्याचे दोन्ही डोळे तसेच, लख्ख.
त्यानं काही डिप्पर दिला नाही.